बारावीनंतर अळ्यांचा अभ्यास?

प्रश्न : मुलगी बारावीला, पीसीबी. हवेतल्या वाढत्या कार्बन डायऑक्साइडनं पिकं आणि किडींवर काय परिणाम होतो, यावर तिला संशोधन करायचंय. घरचे म्हणतात, कार्बन वाढला तर पीक जोमानं येईल, त्यात संशोधन कसलं? बीएस्सी अ‍ॅग्री घ्यावं की झूलॉजी?

उत्तर : ताई, घरच्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. कारखानदारीच्या आधी हवेत हा वायू सुमारे 280 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 280 भाग) होता, आता 420च्या वर आहे. सोयाबीन, कापूस, भुईमूग त्यानं जोर धरतात. ज्वारी-मक्याला पाणी पुरेसं असेल तर फारसा फरक पडत नाही. पण पानात पिष्ट साठतं आणि नायट्रोजनचा, म्हणजे प्रथिनांचा वाटा घटतो. अळीचं पोट भरतं, पोषण होत नाही. म्हणून ती जास्त पान फस्त करते, तरी बहुधा सावकाश वाढते. माव्यासारख्या रसशोषक किडींचं मात्र एकच उत्तर नाही, पिकागणिक बदलतं. अमेरिकेत इलिनॉयमधल्या शेतप्रयोगात तर सोयाबीनची किडीविरुद्धची संरक्षक रसायनंच कमी पडलेली दिसली.

तिला पिकावरची कीड अभ्यासायची असेल तर अ‍ॅग्रीच घ्या. कृषी कीटकशास्त्राच्या एमएस्सीला सहसा तीच पदवी मागतात. राज्यातल्या जागा एमएचटी-सीईटीवर भरतात, पीसीबी चालतं. पदवीची चार वर्षं, एमएस्सीची दोन, पुढे पीएचडी. दहाएक वर्षं धरूनच चाला. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेत एरंड-भुईमुगावरच्या अळ्यांवर असे प्रयोग झालेत, वरून उघड्या कक्षांत 550 पीपीएम राखून.

तोवर चिकाटी घरीच तपासा. तंबाखूवरची पानं खाणारी अळी डब्यात ठेवून रोज एरंडाचं पान तोलून द्यायचं. चोवीस तासांनी उरलेलं पान, अळी, लेंड्या वेगवेगळ्या तोलायच्या. काटा 0.01 ग्रॅमचा हवा, स्वयंपाकघरातला नको. हमखास होणारी चूक म्हणजे पान नुसतं सुकूनही हलकं होतं आणि तेवढं अळीच्या नावावर चढतं. शेजारी बिनअळीच्या डब्यात तसंच पान ठेवून त्याची घट वजा करायची. सोडा-व्हिनेगरनं वायू वाढवायच्या फंदात पडू नये. आपल्या उच्छ्वासातच सुमारे 40,000 पीपीएम असतो, बंद डब्यात 550 कसा राखणार?

आणि पीसीबी असली तरी संख्याशास्त्र सोडू देऊ नका. एका कक्षातली वीस रोपं म्हणजे वीस पुनरावृत्त्या (स्वतंत्र चाचण्या) नव्हेत, एकच. वायू कक्षाला सोडलेला असतो, रोपाला नाही.