वणवा पाच जिल्ह्यांत, मग हुकूम कोणाचा?

राज्यात एकाच वेळी ठिकठिकाणी वणवे पेटले की मदतीची घडी कशी बसवतात, यावर आलेल्या प्रश्नांपैकी काहींची ही उत्तरं. उदाहरणं मुख्यतः अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातली आहेत. वणवे त्यांना नवे नाहीत, आणि काय चुकलं याची चौकशी करून ती छापायचीही त्यांना सवय आहे.

प्रश्न : संकट राज्यभर आहे, तर सगळी सूत्रं राजधानीतून एकाच बड्या अधिकाऱ्याने का हलवू नयेत? गोंधळ तरी टळेल.

उत्तर : उलट वाढेल. प्रत्येक आगीवर हुकूम एकाचाच हवा हे खरं, पण तो माणूस आगीपाशी हवा. 30 जून 2013 रोजी ॲरिझोनातल्या यार्नेल हिलला वादळामुळे वारा फिरला आणि आग विझवणारे 19 जवान वेढ्यात सापडून मृत्युमुखी पडले. वारा असा फिरतो तेव्हा परवानगीसाठी फोन लावत बसायला कोणाला सवड नसते.

मग राज्याच्या नियंत्रण कक्षाने करायचं काय? वाटप. आगी दहा आणि विमानं चार असतील, तर नाही कोणाला म्हणायचं हे त्रयस्थानेच ठरवावं लागतं. प्रत्येक आगीवरच्या प्रमुखाला आपलीच आग सगळ्यांत भयंकर वाटते, आणि ते साहजिक आहे. शिवाय अजून न पेटलेल्या आगीसाठी काही गाड्या हातच्या राखायच्या असतात. टीव्हीवर ज्वाळा दिसत असताना ‘या गाड्या नुसत्या उभ्या का?’ या प्रश्नाला तोंड देत त्या राखून ठेवणं सोपं नाही. माझ्या मते राज्यस्तरावरच्या अधिकाऱ्याची खरी कसोटी तिथेच लागते.

ही विभागणी कॅलिफोर्नियाला 1970 मध्ये ठेच लागल्यावर सुचली. तेव्हा 13 दिवसांत 16 माणसं गेली, सुमारे 700 इमारती जळाल्या आणि पाच लाख एकरांहून जास्त क्षेत्र खाक झालं. नंतर लक्षात आलं, की मूळ दुखणं गाड्या किंवा माणसं कमी पडण्याचं नव्हतं. प्रत्येक खात्याचे वायरलेसवरचे सांकेतिक आकडे वेगळे, हुद्द्यांची नावं वेगळी, आणि कोण कोणाचं ऐकणार हे कुठेच ठरलेलं नाही. त्यातून ‘इन्सिडेंट कमांड सिस्टिम’ उभी राहिली. एक प्रमुख, त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष लढाई, नियोजन, रसद आणि हिशेब असे चार विभाग. कोणाच्याही हाताखाली साधारण तीन ते सात जण. आणि आकड्यांऐवजी साधं बोलणं. आग दोन खात्यांच्या हद्दीत असेल, तर दोघांचे प्रमुख एकाच टेबलाशी बसून एकच आराखडा काढतात.

प्रश्न : शेजारच्या जिल्ह्यांतून गाड्यांची रांग लागते, तरी पहिले काही तास त्यांचा उपयोग होताना दिसत नाही. घोडं पेंड कुठे खातं?

उत्तर : बहुतेक वेळा अगदी बारीकसारीक गोष्टींत. 20 ऑक्टोबर 1991 रोजी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवरची आग भडकली, तेव्हा बाहेरून आलेल्या पथकांना हायड्रंटला, म्हणजे आगीसाठी रस्त्यावर बसवलेल्या नळाला, पाइपच जोडता येईनात. ओकलंडच्या हायड्रंटचं तोंड 3 इंचांचं, आणि बाकी सगळ्यांचे पाइप 2.5 इंचांच्या जोडाचे. मध्ये बसवायचे अडॅप्टर पुरेसे नव्हते. त्या आगीत 25 जण गेले आणि सुमारे 3,000 घरं जळाली. त्याला एकटा जोड कारणीभूत नव्हता, वारा होता, पाण्याचा दाब गेला होता. पण मदतकार्य कसं चालवायचं याचा कॅलिफोर्नियातला पुढचा कायदा या धड्यातून झाला. त्यातली एक मेख मला फार आवडते : ठरवून दिलेली पद्धत वापरली नाही, तर स्थानिक प्रशासनाला मदतकार्यावरच्या मनुष्यबळाच्या खर्चाची भरपाई राज्याकडून मिळत नाही. शहाणपणाच्या परिपत्रकांपेक्षा हा उपाय लागू पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सुट्या गाड्या मागवायच्याच नाहीत. एकाच प्रकारच्या पाच गाड्या आणि वर एक म्होरक्या, असं पथक मागवायचं. म्हणजे आगीवरच्या प्रमुखाला पाच चालकांशी बोलावं लागत नाही, एकाशी बोललं की झालं. पथक पोचलं की आधी तळावर नोंद : माणसांची यादी द्यायची, वायरलेसमध्ये इथले चॅनेल भरून घ्यायचे, आजचा आराखडा आणि नकाशा हातात घ्यायचा, जखमी माणूस कुठे न्यायचा आणि पळायची वाट कोणती ते विचारायचं. बाहेरून बघणाऱ्याला हा वेळकाढूपणा वाटतो. पण नोंद न करता थेट आगीवर धावलेलं पथक कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसतं, आणि वारा फिरल्यावर त्याला मागे बोलावणार कोण?

जाता जाता : ज्या जिल्ह्याने गाड्या पाठवल्या त्याची ठाणी रिकामी ठेवायची नसतात. तिथे आणखी लांबच्या गाड्या सरकवून ठेवतात. हे कागदावर आधीच ठरलेलं नसेल तर पुढच्या वेळी कोणी गाडी सोडत नाही.

प्रश्न : विमानं आणि हेलिकॉप्टर आहेत, तर आग लगेच का विझत नाही?

उत्तर : वरून टाकलेलं पाणी किंवा तो लाल-गुलाबी रासायनिक मारा आगीचा वेग कमी करतो. विझवतात ती खाली उभी असलेली माणसं, जळण्यासारखं सगळं खरवडून मातीपर्यंत जाळरेषा काढून. सीएल-415 हे विमान तलावावरून सरकत सुमारे 12 सेकंदांत 6,000 लिटर पाणी भरतं, बघायला थरारक असतं. पण सोसाट्याचा वारा सुटला, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच, ते उडवता येत नाही. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसला पहिल्या संध्याकाळी हेच झालं. विमानांच्या भरवशावर आखलेला आराखडा मी तरी मंजूर करणार नाही.

प्रश्न : ‘आग 40 टक्के नियंत्रणात’ म्हणजे 40 टक्के विझली का?

उत्तर : नाही. आगीच्या परिघापैकी 40 टक्के भागावर अशी रेषा तयार आहे, जी ओलांडून आग पलीकडे जाणार नाही असा अंदाज आहे. आत ती धुमसत असू शकते.

प्रश्न : गाव खाली करण्याचा निर्णय कोणी आणि कधी घ्यावा? लवकर घेतला तर लोक पुढच्या वेळी ऐकत नाहीत.

उत्तर : ही भीती खरी आहे, पण उशिराची किंमत फार मोठी. कॅलिफोर्नियातल्या पॅरडाइझ गावाने तयारी केलेली होती : गावाचे विभाग पाडलेले, कोणता कधी हलवायचा हे ठरलेलं, सरावही झालेला. तरी 8 नोव्हेंबर 2018 च्या सकाळी त्या आगीत 85 माणसं गेली. योजना एकेक विभाग क्रमाने हलवायची होती, आणि वाऱ्याबरोबर उडालेल्या ठिणग्यांनी गावात सगळीकडे एकदमच आगी लावल्या. इशारे फोनवर येणार होते, पण ज्यांनी आधी नाव नोंदवलं त्यांनाच, आणि पुष्कळांना ते मिळालेच नाहीत. योजना आखताना आग रांगेत येईल असं धरू नये, आणि इशाऱ्यासाठी नोंदणीची अट तर ठेवूच नये.

‘कोणी’ हा भाग त्याहून नाजूक आहे. 7 फेब्रुवारी 2009 रोजी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात वणव्यांनी 173 बळी घेतले. एका नियंत्रण केंद्रात किंगलेक या गावासाठीचे इशारे लिहून तयार होते, पण आगीचा ताबा दुसऱ्या केंद्राकडे असल्याने ते बाहेर पडले नाहीत. म्हणून नियम असा हवा : धोका ज्याला दिसला त्याने इशारा द्यावा, अधिकाराची शहानिशा नंतर. आणि भोंगे बसवलेत म्हणून निर्धास्त राहू नका. ऑगस्ट 2023 मध्ये हवाई बेटांवरच्या लहायना गावात भोंगे वाजवलेच नाहीत, कारण ते ऐकून लोक त्सुनामी समजून डोंगराकडे, म्हणजे आगीकडेच, पळतील अशी भीती होती. कोणता आवाज कशासाठी, हे आधी शिकवलेलं नसलं की असा पेच पडतो.

प्रश्न : आमच्याकडे चांगला ड्रोन आहे. आगीचं चित्रण करून मदत करू का?

उत्तर : नको. 9 जानेवारी 2025 रोजी लॉस एंजेलिसला एका खासगी ड्रोनच्या धडकेने पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला भोक पडलं आणि ते काही दिवस जमिनीवरच राहिलं. आकाशात अनोळखी ड्रोन दिसला की वैमानिकांना मागे फिरावं लागतं. मदतच करायची असेल तर तुमच्या घरातून बाहेर पडायचे दोन रस्ते आजच बघून ठेवा, आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना गाडीत कोण घेणार ते ठरवा.