ती रडली नाही, म्हणून?

«ताई, लग्नाला चार वर्षं झाली, आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. गेल्या रविवारी टीव्हीवर जुना हिंदी सिनेमा लागला होता. त्यात 'तसला' प्रसंग आला आणि बायको उठून आत गेली. रात्री तिनं सांगितलं की कॉलेजात असताना, एकोणिसाव्या वर्षी, ओळखीच्या एका माणसानं तिच्यावर बलात्कार केला होता. सांगताना रडली नाही. सांगून झालं आणि चहा ठेवला. सकाळी डबा घेऊन ऑफिसला गेली. ती तेव्हा ओरडली का नाही? दहा वर्षं गप्प का? खरंच झालं असेल तर माणूस इतका शांत कसा? मी रोज रात्री विचारतो, आता ती बोलतच नाही. त्या माणसाला गाठून हाणावंसं वाटतं. आईला सांगू का?»

भाऊ, तुमच्या बायकोला तुम्ही एका सिनेमातल्या बाईशी ताडून पाहताय. ती बाई आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात बसलेली आहे. बांगड्या फुटतात, दिवा विझतो, बाहेर वीज कडाडते. मग ती नळाखाली बसते, 'तोंड दाखवायला जागा उरली नाही' म्हणते आणि विहीर जवळ करते. बहुतेक वेळा ती नायकाची बहीण असते. ती मेली की त्याचा सूड सुरू होतो, म्हणजे पटकथेला तिचं मरण हवंच असतं. जगून दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निघालेल्या बाईचं काय करायचं, हे त्या पटकथांना ठाऊकच नव्हतं.

'ओरडली का नाही' हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. खालच्या कोर्टानं पोलिसांना सोडलं. १९७६ साली मुंबई हायकोर्टाच्या आपल्या इथल्या नागपूर खंडपीठानं त्यांना दोषी धरलं, कारण भीतीपोटी निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे. १९७८ साली सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं: अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही. त्यावरून देशभर रान उठलं आणि १९८३ साली कायदा बदलला. पुढे २०१३ च्या दुरुस्तीनं कायद्यात स्पष्टच लिहिलं गेलं की बाईनं अंगानं प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती धरता येत नाही. तुम्ही रोज रात्री जो प्रश्न विचारता, तो कायद्यानं कधीच निकालात काढलाय.

जबर भीतीत कित्येकांचं शरीर थिजतं. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. ती निवड नसते. आठवणही तुकड्यातुकड्यांत राहते: वास, पंख्याचा आवाज, भिंतीचा रंग पक्का आठवतो आणि कशानंतर काय झालं ते विस्कटलेलं असतं. म्हणून उलटतपासणी घेतलीत की तिचं उत्तर थोडं बदलणार, आणि तुम्हाला वाटणार ती खोटं बोलतेय. सपाट आवाजात सांगणं, मधेच हसणं, लगेच चहा ठेवणं हेही नेहमीचंच. दहा वर्षं तर फार नाहीत. काही जणी तीस वर्षांनी बोलतात, काही कधीच नाही.

सगळे जुने सिनेमे वाईट नव्हते. १९५० साली आयडा लुपिनो या अमेरिकन दिग्दर्शिकेनं 'आउटरेज'मध्ये अत्याचारानंतरच्याच दिवसांकडे पाहिलं. त्यातली मुलगी गाव सोडून जाते आणि पुढे एक माणूस चुंबनासाठी मागे लागतो तेव्हा भलतंच आठवून त्याच्या डोक्यात पाना घालते. १९७८ च्या 'घर'मध्ये (रेखा, विनोद मेहरा) घटनेनंतर नवरा-बायकोच्या स्पर्शाचं काय होतं, हाच सिनेमा आहे. १९८० च्या 'इन्साफ का तराजू'त कोर्टात बाईच्या मॉडेलिंगच्या धंद्याचाच पंचनामा होतो. तो भाग खरा होता. बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवायची सोय करणारं कलम २००२ च्या दुरुस्तीनं गेलं. पण त्याच सिनेमात अत्याचार रंगवून दाखवलाय, ते मात्र आवडण्यासारखं नाही.

आता तुमचं. आज रात्री एकदाच म्हणा: «मी जे प्रश्न विचारले ते चुकलं. तू सांगितलंस त्यावर माझा विश्वास आहे. पुढे बोलायचं की नाही, ते तू ठरव.» एवढंच, आणि गप्प बसा. तुम्हाला स्वतःला मोकळं व्हायचं असेल तर त्यासाठी तिला वापरू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, तो तुमच्यासाठीही आहे. मागून मिठी मारू नका. जवळ येताना विचारा, ती थबकली की थांबा आणि रुसू नका. ती एकदम दचकून दूर कुठेतरी गेल्यासारखी झाली तर तिला धरू नका. दिवा लावा, तिचं नाव घ्या, आजचा वार आणि आपण कुठल्या खोलीत आहोत ते सांगा, पाय फरशीला टेकवायला सांगा. झोप उडाली, हे वरचेवर व्हायला लागलं, तर आघातावर काम करणारा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. अशा उपचाराच्या साधारण ८ ते १२ बैठका असतात. मरणाची भाषा आली तर थांबू नका, त्याच दिवशी मेडिकलला (नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) न्या.

तक्रार तिला करायची असेल तर बलात्काराला मुदत नाही. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची, म्हणून जुनं भारतीय दंड विधानच लागेल. कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर (हद्द दुसरीकडची असली तरी नोंदवून घ्यायची तक्रार) होतो, जबाब महिला अधिकारी घेते, नाव छापणं गुन्हा आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बायकांना कमाई न बघता फुकट वकील देतं. दहा वर्षांनी वैद्यकीय पुरावा मिळत नाही, खटला तिच्या जबाबावर उभा राहील. हे तिला आधी कळायला हवं. नकोच म्हणाली तर विषय संपला.

हा अंक वाचणाऱ्या एखाद्या घरात हे कालच घडलं असेल, तर सिनेमातल्यासारखं आधी नळाखाली जाऊ नका. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा (प्लॅस्टिकमध्ये ओल धरून पुरावा कुजतो) आणि मेडिकल, मेयो (नागपूरचं दुसरं सरकारी रुग्णालय) किंवा कुठल्याही दवाखान्यात जा. उपचार मोफत, खाजगीतही. आधी पोलिसांकडे जायची अट नाही. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी जितकी लवकर तितकी बरी, शक्यतो ७२ तासांच्या आत, पण पाच दिवसांपर्यंत घेता येते. एचआयव्ही रोखणारी औषधंही ७२ तासांच्या आत सुरू होतात आणि २८ दिवस चालतात. अंघोळ झाली असली तरी जाच.

त्या माणसाला हाणाल तर गुन्हा तुमच्यावर लागेल, आणि का हाणलं ते ठाण्यात सांगावं लागेल. म्हणजे दहा वर्षं जपलेली गोष्ट तिला न विचारता तुम्ही वस्तीभर कराल. आईचंही तेच. तिनं ते तुम्हाला सांगितलंय, तुमच्या घराला नाही.