गावातील वृद्धांच्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आठवणी कशा जतन कराव्यात?

कोणते उपकरण घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे. हातातला मोबाइल पुरेसा आहे. डोक्यावरचा पंखा तेवढा बंद ठेवा. घोटाळा होतो तो नंतर, बोलणे कागदावर उतरवताना.

माझी आत्या लहानपणी आजोबांबरोबर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत दूध घालायला जात असे. सायबेरियातून इराणमार्गे आलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ पासून तेथे राहत होते. ते गेल्यावर तेथे सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर वसले. १९९८ मध्ये मी आत्याचे बोलणे दोन कॅसेटींवर घेतले आणि ते उतरवून काढण्याचे काम थोरल्या चुलतभावाकडे सोपवले, कारण दादा शिक्षक होते व त्यांचे अक्षर सुरेख होते.

आत्याने आरंभीच सांगितले होते, "बेचाळीसला गोरी माणसं आली." दादांनी साल दुरुस्त केले. मग चरवीचे 'भांडे' झाले. एक पोलिश बाई दुधात पाणी आहे का हे पाहण्यासाठी चरवीत बोट बुडवायची आणि तेच बोट हसत आत्याच्या नाकाला पुसायची, हा प्रसंग तर 'विषयांतर' म्हणून गाळला गेला. कॅसेटींवर पुढे घरच्या लग्नातली सनई भरली गेली. दादांचा युक्तिवाद आजही तोच आहे: चुकीचे साल छापणे म्हणजे खोटा इतिहास.

मला हे मुळीच मान्य नाही. चळवळीच्या धामधुमीत आजोबा काही दिवस घरी आले नव्हते, आणि त्या धास्तीनंतर घडलेले सारेच आत्याच्या हिशेबी 'बेचाळीस'मध्ये जमा झाले होते. हे तिने दुसऱ्या कॅसेटीत सांगितले होते. दादांच्या सुवाच्य वहीत त्याचा मागमूस नाही. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचे स्मारक आहे. त्यांना दूध घालणाऱ्यांचे बोलणे मात्र आपणच पुसले. म्हणून शब्द न् शब्द उतरवा, साल चुकले तर खाली टीप द्या, आणि मूळ ध्वनिमुद्रणाच्या निदान तीन प्रती वेगवेगळ्या घरांत ठेवा.

एक सांगायचे राहिले: बोलणाऱ्याची संमती आधी घ्या. कोणी गावातल्या एखाद्या घराण्यावर काळ्या बाजाराचा आरोप केला, तर तो भाग पडताळल्याशिवाय कोणाला ऐकवू नका. दादा अशा बाबतीत काटेकोर होते, हे मान्य करावे लागते; पण नाकाला पुसलेल्या दुधाला कोणता पुरावा हवा होता, हे त्यांनी मला अजून सांगितलेले नाही.