क्रॅश डंपसाठी स्वॅप किती ठेवावा?

६४ जीबी मेमरीच्या फ्रीबीएसडी सर्व्हरवर इन्स्टॉलरने सुचवलेला २ जीबी स्वॅप पुरेल का, असे आपण विचारले आहे. पुरणार नाही. यंत्र कोसळते तेव्हा फ्रीबीएसडी ही कार्यप्रणाली मेमरीतील मजकूर स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरीला पूरक म्हणून डिस्कवर राखलेल्या जागेत, लिहून ठेवते; हाच क्रॅश डंप.

आमच्या कार्यालयात अशाच यंत्रावर मी १६ जीबी मागितले होते, तेव्हा वरिष्ठांनी "एवढी मेमरी असताना स्वॅप लागतोच कशाला?" असे म्हणून विषय संपवला. काही महिन्यांनी ते यंत्र रात्री-अपरात्री पॅनिक होऊ लागले, म्हणजे कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) गंभीर चूक आढळून थांबू लागला. दूरस्थ कन्सोलवर "डंप फेल्ड. पार्टिशन टू स्मॉल." (डंप फसला, जागा अपुरी) अशी ओळ उमटे आणि पंधरा सेकंदांत यंत्र पुन्हा सुरू होई. पडद्यावरचा बॅकट्रेस, म्हणजे कोसळताना चालू असलेल्या फंक्शनांची यादी, दर वेळी वेगळ्याच ठिकाणी बोट दाखवी, कारण मेमरी बिघडवणारा एक होता आणि तिच्यावर अडखळून पडणारे दुसरेच होते. संपूर्ण डिस्क झेडएफएस या फाइल सिस्टीमच्या पूलने व्यापली होती, पूल आकसता येत नाही आणि झेडव्हॉलवर (पूलमधून काढलेल्या आभासी डिस्कवर) डंप लिहिता येत नाही. म्हणून अखेर केवळ डंपसाठी मी वेगळी छोटी एसएसडी बसवली. पुढच्या पॅनिकनंतर सेव्हकोअर या साधनाने डंपची व्हीएमकोअर फाइल उतरवून ठेवली. ती केजीडीबी या कर्नल डीबगरमध्ये उघडली, तेव्हा बिघडलेल्या तुकड्यात नेटवर्क पॅकेटचे हेडर जसेच्या तसे पडलेले दिसले. मोकळ्या केलेल्या बफरमध्ये नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लिहीत होता. जे आम्हाला कित्येक आठवडे सापडले नाही, ते त्या एका फाइलने अर्ध्या तासात दाखवले.

मिनीडंपमध्ये (फ्रीबीएसडीच्या नेहमीच्या डंपमध्ये) फक्त कर्नलची पाने लिहिली जातात, त्यामुळे मेमरीएवढाच स्वॅप हवा हा जुना नियम आता बंधनकारक नाही; परंतु झेडएफएसच्या यंत्रावर कर्नलचा हिस्सा लहानच राहील असे गृहीत धरू नये. आवृत्ती १२ पासून डंप संकुचित करता येतो. तो पर्याय चालू करून १६ जीबी ठेवा आणि संकोचन नको असेल तर सरळ ६४. आजच्या डिस्कच्या मानाने एवढी जागा म्हणजे काहीच नाही, आणि "वाया जाते" हा युक्तिवाद मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. डंपची फाइल जिथे साठते त्या व्हार-क्रॅश निर्देशिकेतही तेवढीच मोकळी जागा असू द्या. यंत्र कामाला लावण्यापूर्वी एकदा मुद्दाम पॅनिक घडवून डंप खरोखर उतरतो का, ते पाहा.

हे सारे फ्रीबीएसडीपुरते आहे. लिनक्सचा केडंप राखीव मेमरीत दुसरा कर्नल सुरू करून डंप फाइलमध्ये किंवा नेटवर्कवर पाठवतो, त्यामुळे तेथे स्वॅपचा हा हिशेब लागू होत नाही. आमच्या वरिष्ठांचा सारा अनुभव लिनक्सवरचा होता, हेही सांगितले पाहिजे.