सुट्टीचे वेळापत्रक कितपत आखावे?

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. मी आणि यजमान दोघेही नोकरी करतो. घरी सासूबाई आणि अकरा व सात वर्षांची दोन मुले असतात. मागच्या उन्हाळ्यात पोहणे, चित्रकला आणि अबॅकस अशी तीन शिबिरे एकदम लावली, तेव्हा मुले दमून चिडचिडी झाली. म्हणून यंदा काहीच लावले नाही, तर पहिल्याच आठवड्यात रात्री बारापर्यंत जागरण, सकाळी दहाला उठणे आणि दिवसभर मोबाइल असा क्रम सुरू झाला. काही बोलले की ‘सुट्टी आहे ना?’ असे उत्तर तयार असते. सासूबाईही त्रासल्या आहेत. मुलांना वेळापत्रक लावून द्यावे की मोकळे सोडावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मागच्या वर्षी तुम्ही दिवस भरून टाकला आणि यंदा तो पूर्ण रिकामा सोडला, दोन्ही वेळा निर्णय मोठ्यांनी घेतला आणि मुलांना तो नुसता कळवला गेला. माझ्या मते दिवसातल्या मोजक्याच गोष्टी ठरलेल्या असाव्यात आणि उरलेल्या वेळेत खरोखरच लक्ष घालू नये.

त्या मोजक्या गोष्टींत झोपेचा क्रमांक पहिला लागतो. मे महिन्यात आपल्याकडे सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतरच बाहेर खेळण्याजोगे ऊन असते. दहाला उठणाऱ्या मुलाची सकाळ हातची जाते, न्याहारी अकराला आणि जेवण तीनला होते, आणि तापलेल्या दुपारी त्याच्यापुढे मोबाइलशिवाय दुसरे काही उरत नाही. मोबाइलवरून होणारे भांडण दुपारचे असले, तरी त्याचे मूळ आदल्या रात्रीच्या जागरणात असते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. त्यामुळे सुट्टीत झोपायची वेळ साडेनऊऐवजी साडेदहा झाली तरी हरकत नाही, पण ती बारावर जाऊ देऊ नये. अर्थात मोठी माणसे बाराएकपर्यंत दूरचित्रवाणीसमोर बसत असतील, तर हा नियम दोन दिवसही टिकणार नाही.

मोबाइलसाठी मिनिटे मोजत बसण्यापेक्षा वेळ नेमून द्यावी, उदाहरणार्थ दुपारच्या जेवणानंतरचा एक तास. मात्र नियम तुम्ही करायचा आणि पहारा सासूबाईंनी द्यायचा, ही वाटणी न्याय्य नाही. तुम्ही दोघे घराबाहेर पडल्यावर दिवसभर नातवंडांशी हुज्जत त्यांना घालावी लागते, आणि बहुतेक घरांत मुलांच्या हातातला फोन आजीचाच असतो. म्हणून हा नियम वडिलांनी मुलांना सासूबाईंच्या देखत सांगावा आणि तो मोडल्यास त्याची विचारणाही संध्याकाळी त्यांनीच करावी.

घरातले एक काम प्रत्येकाकडे असावे, आणि ते खरे काम असावे. तुमच्याकडे कुरडया होत असतील, तर त्या कामात मुलांना घ्या. गहू तीन दिवस भिजत ठेवून रोज पाणी बदलायचे असते, ते अकरा वर्षांचे मूल सहज करू शकते. चौथ्या दिवशी गहू वाटून, चीक काढून तो शिजला की वाटीभर चीक हक्काने मागून खायचा, सोऱ्या दाबायला हात लावायचा आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवरून कावळे हाकायचे. ऊन चढेपर्यंत धाकट्यालाही त्यात भरपूर काम असते. शिवाय या कामात सासूबाईंचा शब्द चालतो, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते.

यापलीकडचा वेळ मुलांचा. तिथे ‘आजी, कंटाळा आला’ हे ऐकू येणारच, आणि ते ऐकून कोणीही लगेच नवा उद्योग सुचवू नये. पत्ते, कॅरम, रिकामी खोकी आणि वाचनालयातली चार पुस्तके हाताशी असली की पुढचे मुले बघून घेतात. पहिले चारपाच दिवस कुरकूर होईल, ती सोसावी. दोघांना एकच सूट मात्र देता येणार नाही. मोठ्याला ठरलेल्या हद्दीत एकट्याने सायकलवर जाऊ द्यावे. धाकट्यावर कोणाचे तरी लक्ष हवेच.

शिबिर अगदीच वर्ज्य नाही. मुलांनी स्वतः निवडलेले, सकाळचे आणि पंधरवड्यापुरते एखादे असू द्यावे. पोहणे शिकायचे राहिले असेल तर मी तेच सुचवेन. अबॅकसला सुट्टीत सुट्टी द्यायला काहीच हरकत नाही.

हे सारे मुलांना समोर बसवून ठरवा आणि वेळांबाबत त्यांच्याशी थोडी घासाघीस होऊ द्या. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, तेव्हा साधारण 7 जूनपासून झोपण्याची वेळ रोज दहापंधरा मिनिटांनी मागे आणत जा, म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी त्यांना ओढून उठवावे लागणार नाही.