‘वेटहौडर’ला मराठीत काय म्हणावे?

हेगचे उजव्या विचारसरणीचे स्थानिक नेते रिचर्ड दे मॉस यांच्याविषयीच्या मजकुराचे मराठी भाषांतर करताना ‘वेटहौडर’ या डच पदनामासाठी ‘नगरसेवक’ लिहावे की ‘उपमहापौर’, असे एका वाचकाने विचारले आहे. माझ्या मते दोन्ही शब्द टाळावेत. ‘नगरसेवक’ तर हटकून टाळावा, कारण त्याने दे मॉस यांच्याभोवतीच्या वादाचा अर्थच पालटतो.

डच शहरात मतदार निवडून देतात ते नगरपरिषदेचे सदस्य, आणि त्यांनाच नगरसेवक म्हणणे योग्य. ही परिषद वेटहौडर नेमते. प्रत्येकाकडे ठरावीक खाती असतात, आणि महापौर व वेटहौडर मिळून शहराचा रोजचा कारभार पाहतात. मार्च २००२ पासून कायद्याने ही दोन पदे वेगळी केली असून, वेटहौडर झालेल्या नगरसेवकाला परिषदेतील जागा सोडावी लागते.

पूर्वी कट्टर उजवे डच नेते खेर्ट विल्डर्स यांच्या पक्षाचे खासदार असलेले दे मॉस २०१८ मध्ये, त्यांचा स्थानिक पक्ष हेगमध्ये पहिल्या क्रमांकावर आल्यावर, वेटहौडर झाले व शहराच्या अर्थव्यवस्थेचे (उद्योग-व्यवसायांचे) खाते त्यांच्याकडे आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये तपासयंत्रणेने त्यांच्या घरी व कार्यालयात झडती घेतली. पक्षाला देणग्या देणाऱ्या व्यावसायिकांना त्यांनी झुकते माप दिल्याचा संशय होता, आणि त्याच महिन्यात त्यांचे पद गेले. एप्रिल २०२३ मध्ये रॉटरडॅमच्या न्यायालयाने लाचखोरीच्या आरोपातून त्यांची निर्दोष मुक्तता केली. आता ‘नगरसेवक दे मॉस यांच्या कार्यालयाची झडती’ असे लिहून पाहा: ज्याच्या हाती परवानगी देण्याचा अधिकार आहे त्याच्यावरचा हा संशय होता, हेच त्या वाक्यातून निसटते.

‘उपमहापौर’ हा आपल्याकडे नगरसेवकांनी आपल्यातूनच निवडलेला एकच पदाधिकारी असतो आणि त्याच्याकडे खाते नसते. हेगमध्ये एका वेळी अनेक वेटहौडर असतात. ‘आयुक्त’ अधिकाराच्या दृष्टीने जवळचा वाटेल, परंतु तो शासनाने नेमलेला अधिकारी, राजकीय पक्षाचा माणूस नव्हे.

मला ‘नगर-कारभारी’ हा शब्द सुचवावासा वाटतो. पेशवाईत ‘कारभारी’ म्हणजे प्रत्यक्ष राज्यकारभार हाकणारा मुत्सद्दी, आणि बारभाईंच्या कारस्थानामुळे अनेकांनी मिळून कारभार पाहण्याची कल्पनाही मराठी वाचकाला परकी नाही. खेड्यात बायको नवऱ्याला कारभारी म्हणते ही अडचण कुणी काढील. तीत मला तथ्य वाटत नाही, कारण ‘नगर’ जोडल्यावर संदर्भ पक्का होतो. पहिल्या उल्लेखात ‘नगर-कारभारी (वेटहौडर)’ असे लिहून पुढे नुसता मराठी शब्द वापरावा.

२०१९ मध्ये पद गेल्यानंतरच्या घटनांत ‘माजी नगर-कारभारी’ लिहावे. मार्च २०२२ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला ४५ पैकी ९ जागा मिळाल्या, तो पुन्हा सर्वांत मोठा ठरला, तरी कारभारी मंडळात त्याला स्थान मिळाले नाही. त्या निवडणुकीनंतरच्या परिषदेतील भूमिकेसाठी मात्र ‘नगरसेवक’ हाच शब्द बरोबर आहे.