घरातल्या दुरुस्तीच्या कामात हातातलं कसब महत्त्वाचं की चांगली टूल्स?

माझ्या मते कसब आधी. पण जे टूल थेट मटेरियलला लागतं ना, म्हणजे ड्रिलचा बिट, करवतीचं पातं, पटाशीची धार, तिथे अजिबात पैसे वाचवू नका, मशीन साधं असलं तरी चालून जातं. काँक्रीटला कार्बाइड (अतिशय कठीण धातुमिश्रण) टोकाचा मेसनरी बिट, म्हणजे भिंत-दगडासाठीचा बिट, आणि ड्रिल फिरता फिरता ठोकेही देतो तो हॅमर मोडच लागतो, लाकडाचा बिट लावून कितीही जोर दिलात तरी बिटाचीच वाट लागते. आणि लाकडाच्या कडेजवळ स्क्रू मारताना आधी बारीक भोक पाडलं नाही तर ड्रिल कितीही महागडा असो, फळी चिरायची शक्यता असतेच. हे कळणं म्हणजेच कसब हो!

स्पिरिट लेव्हलचंच बघा, म्हणजे पृष्ठभाग समतल आहे का ते बुडबुड्यावरून दाखवणारी पट्टी, ती खरी आहे का हे तपासायला एकदा ठेवून बुडबुडा बघायचा, मग त्याच जागी १८०° फिरवून, म्हणजे डावं टोक उजवीकडे करून, परत बघायचा, दोन्ही वेळा सारखाच दिसला पाहिजे. ही सवय असेल तर स्वस्तातली लेव्हलसुद्धा चालते.

बोथट पटाशी मात्र कोणाच्याच हातात चालत नाही, जोर जास्त लागतो, मग ती सटकते आणि हाताला लागते. म्हणून नवीन टूल घ्यायच्या आधी धार लावायला शिका, कोन साधारण २५ ते ३० अंश ठेवून.